गॅलनमागे किती माणसं

मोटार ही वस्तू तिच्या मालकाला कुठंतरी जाता यावं म्हणून निघाली, असा साहेबलोकांचा समज आहे. अमरावतीत तो फार दिवस टिकला नाही. इथं मोटार, ज्याच्याकडे ती नाही त्याच्या सोयीसाठी असते. ज्याच्याकडे आहे त्यानं ती धुऊनपुसून, पेट्रोल भरून तयार ठेवायची असते.

शेषराव वकिलांकडे अशीच एक लढाईआधीची अमेरिकन गाडी होती. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत तिच्या हातून घडलेली सेवा अशी: नवरदेव एकशे बारा, बाळंतिणी एकतीस (पैकी एक गाडीतच मोकळी झाली, मुलगा हल्ली पाचवीत आहे), निवडणुकीचे उमेदवार नऊ (निरनिराळ्या पक्षांचे, सगळे पडले), सरकीची पोती अगणित. याच काळात मालकीणबाई, म्हणजे दुर्गाबाई, गाडीत बसल्या एकदा. पूजेच्या दिवशी, नारळ फुटेपर्यंत.

यात शेषरावांचा दोष नाही. दारी आलेल्याला नाही म्हणणं वऱ्हाडी माणसाला जमत नाही. घरच्या माणसाला नाही म्हणावंच लागत नाही, ते आपोआप समजून घेतं.

दुर्गाबाईंचं मागणं एकच होतं. दहा मैलांवर भातकुलीला त्यांची आई होती. म्हातारीची नजर गेली होती. "लेकीच्या मोटारीले एक डाव हात लावून पायतो," एवढंच तिचं पालुपद. दुर्गाबाई दर खेपेला बैलबंडीनं जात आणि गाडी फिटरकडं असल्याचं सांगत.

पुढं ड्रायव्हर अन्सारभाईंनी कळवलं, की गाडी आता गॅलनला नऊ मैल देते, तेही उतार असला तर. अकोल्याच्या एका डॉक्टरांची छोटी, वापरलेली गाडी विकाऊ होती. गॅलनला बत्तीस मैल, जागा चार. ती घ्यावी की न घ्यावी यासाठी समिती नेमण्यात आली. शेषराव धरून तेरा सदस्य. बाकीचे बारा गाडी नेहमी मागणारे, कारण गाडीचा अनुभव त्यांनाच होता. चिटणीस मी.

पेट्रोल वाचवण्याच्या या कामी समिती जुन्या गाडीनं चार वेळा अकोल्याला जाऊन आली. (पहिल्यांदा डॉक्टर घरी नव्हते, दुसऱ्यांदा अमावास्या निघाली, तिसऱ्यांदा मूर्तिजापूरला समितीतल्या शालिकरामच्या साडूनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.) दुर्गाबाईंनी चारही वेळा पुऱ्यांचा डबा भरून दिला.

अहवाल गणिताचे शिक्षक देवमन गुरुजींनी लिहिला. जुनी गाडी: मैल नऊ, माणसं ड्रायव्हरसकट चौदा, गुणाकार एकशे सव्वीस. छोटी: मैल बत्तीस, माणसं चार, गुणाकार एकशे अठ्ठावीस. फायदा अवघा दोनाचा. "एवढ्यासाठी दहा माणसं रस्त्यावर उतरवावीत काय?" असा अहवालाचा शेवट होता. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी दोनदा वाचलं.

तेवढ्यात दुर्गाबाई कणकेच्या हातानं बाहेर आल्या.

"गुरुजी, चवदा माणसं मोजले तुमी. त्याच्यात माहा नंबर अकरा वर्सांत काहून नाही लागला? लहान गाडीच घ्या. चौघांत तरी मले कोनी इसरनार नाही."

समिती गहिवरली. ठराव एकमतानं पास झाला, आणि छोटी गाडी पहिल्यांदा भातकुलीलाच न्यायची हेही ठरलं. म्हातारीला निरोप गेला.

ठरल्या दिवशी छोट्या गाडीच्या सुकाणूवर अन्सारभाई होते. शेजारी शेषराव, कारण गाडी त्यांची. मागं गुरुजी, कारण बत्तीस मैलांची खात्री करायची होती. चौथ्या जागेवर मी. भातकुलीला मला काही काम नव्हतं. दुर्गाबाई नवं लुगडं नेसून दारात आल्या, गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बसा, बसा. मी येतो मांगून."

म्हातारीनं बॉनेट चाचपलं. मग आमचे चारही चेहरे एकेक करून चाचपले आणि विचारलं, "दुर्गी कोठी हाय?"

"बंडीनं येऊन राहिली," शेषराव म्हणाले.

मला खुशाल नावं ठेवा. तुमच्याकडे मोटार नाही, तेव्हा तुम्ही सुटलात. सायकल मात्र असेल. तिच्या कॅरिअरवरून आजवर दळण गेलं, कंदील गेला, शेजाऱ्याचा मेहुणा गेला. एकदा आत जाऊन घरच्या बाईला विचारा, तिला कुठं जायचं होतं.