डुलण्याचे अधिकृत उदाहरण

बाळांनो, डोळे मिटा आणि कोणीतरी डुलत चाललंय अशी कल्पना करा. कोण दिसलं? थांबा, इतक्यात सांगू नका. भाषेत काय बरोबर ते आधी समिती ठरवते, डोळे नंतर.

१९९६ साली निजामाच्या शहरात, तारनाक्याच्या एका मराठी मंडळात रविवारच्या वर्गाची परीक्षा झाली. 'डुलणे' या क्रियापदाचा वाक्यात उपयोग करा, गुण एक. उत्तरसूचीत होतं, 'हत्ती डुलत चालतो.' बावीस मुलांनी हत्तीच लिहिला. (एकोणीस जणांनी हत्ती फक्त टीव्हीवर पाहिला होता, उरलेल्या तिघांनी सौरभच्या वहीत.) शिवानीने लिहिलं, 'माझी आजी डुलत येते.' शून्य. एकूण चौतीस, पास व्हायला पस्तीस. म्हणजे आणखी एक वर्ष लहान गटात, धाकट्या भावाच्या, अमरदीपच्या बाकावर. अमरदीपने तिच्यासाठी जागा पुसूनही ठेवली.

"काका, परत तपासा ना," शिवानी अध्यक्षांना म्हणाली.

अध्यक्ष हेमंतराव पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेले. कुकटपल्लीहून नव्या मोटारीने येत. (चालण्याशी त्यांचा संबंध मोटारीच्या दारापर्यंतच.) माणूस न्यायी. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी सगळा वर्ग प्राणिसंग्रहालयात नेला.

हत्ती उभा होता. पाऊण तास उभाच होता.

"चलता नहीं क्या?" हेमंतरावांनी विचारलं.

"आज नक्को साब," माहूत म्हणाला. "उसका दिल नै."

समितीने नोंद केली : 'हत्तीचे वर्तन अभ्यासक्रमाशी विसंगत. उत्तरसूची कायम.'

सगळे परत आले तेव्हा मंडळाच्या फाटकातून केसरबाई येत होत्या, नातवंडांना न्यायला. गुडघे दोन्ही कामातून गेलेले. भार एकदा या पायावर, एकदा त्या. पदर इकडे, पिशवी तिकडे.

"शिवे, चाल गं! भाकरी वाळायल्या."

"बघा, कशा डुलत येताहेत आजी!" हेमंतराव कौतुकाने म्हणाले.

(हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

"बोलणं वेगळं, परीक्षा वेगळी," हेमंतराव घसा साफ करून म्हणाले. समितीने माना डोलावल्या.

तर बाळांनो, आता डोळे उघडा. मघाशी तुम्हालाही हत्तीच दिसला ना? खरं सांगा.

शिवानी वर्गात गेली. तिने टेबलावरचं लाल पेन उचललं, उत्तरसूचीतल्या हत्तीवर फुली मारली, शेजारी गोल शून्य काढलं आणि खाली शेरा लिहिला : 'हत्ती उभा होता.' मग बाहेर येऊन आजीच्या हातातली पिशवी घेतली.