पावलं न उमटणारा जिल्हा

आमच्या झाबोलोत्स्की जिल्ह्यात सरकारला दोनच गोष्टींची मनापासून काळजी आहे: सरहद्द आणि नकाशा. सरहद्दीच्या कुंपणालगत मातीचा एक लांबच लांब पट्टा आहे. चोरून कोणी आलं-गेलं तर पाऊल उमटावं, म्हणून तो रोज नांगरून, दाताळ्याने सारखा केला जातो. अख्ख्या जिल्ह्यात एवढी निगा दुसऱ्या कशाचीच नाही. तिथून हाकेच्या अंतरावर आमचं गाव, तिखाया लुका. गावाला येणारा रस्ता नकाशात ठसठशीत लाल रेघेने दाखवलेला आहे. प्रत्यक्षात तो दलदलीखाली आहे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि म्हाताऱ्या सेवास्त्यानच्या छातीत कळ आली. त्याची बायको आग्राफेना येगोरोव्हना हिने जिल्ह्याच्या इस्पितळात फोन लावला.

"गाडी येणार नाही, रुतते," तिथली बाई म्हणाली.

"मग रस्ता दुरुस्त करा की!"

"नकाशात रस्ता चांगला आहे. चांगला रस्ता दुरुस्त कसा करणार?"

आग्राफेनाने फोन आपटला, नवऱ्याचे गमबूट चढवले आणि पट्ट्यावर जाऊन थयथया नाचून आली. चहाला आधण येतंय तोवर साखळ्यांच्या चाकांची लष्करी गाडी दारात हजर. कॅप्टन, डॉक्टर आणि दोन कुत्री.

"आजी, घुसखोर कुठंय?"

"मीच रे बाळा. आत ये, पाय पुसून ये. म्हातारा खाटेवर आहे."

सेवास्त्यान वाचला. मग काय, गावाला वाट सापडली. कोणी बाळंतपणात अडली, ठेव पट्ट्यावर पाऊल. वीज गेली, ठेव पाऊल. शेजारच्या झिनाइदाने तर घरातला पाव संपला म्हणून एक पाय टेकवला, तोही अर्धाच. कोणाला काळा पाव लागतो आणि कोणाला पांढरा, हे कॅप्टन बुटांच्या ठशावरून ओळखायला लागला.

जिल्हाप्रमुख इन्नोकेंती पाव्लोविच यांची झोप उडाली. घुसखोरीच्या आकड्यात आम्ही शेजारच्या जिल्ह्याला मागे टाकलं होतं. वरून समिती आली. हेलिकॉप्टरने आली, कारण रस्ता नव्हता. खारवलेल्या अळंब्या आणि वोदका यांच्या साक्षीने सखोल पाहणी झाली.

"रस्ता करून द्या, पट्ट्याकडे ढुंकूनही बघणार नाही आम्ही," आग्राफेना म्हणाली.

"भावनेच्या भरात बोलू नका, आग्राफेना येगोरोव्हना," अध्यक्ष म्हणाले. "पावलं का उमटतात? माती मऊ आहे म्हणून. मऊ का आहे? आपण नांगरतो म्हणून!"

नांगरणी बंद झाली. नकाशात मात्र पट्टा पिवळ्या रेघेने कायमचा नांगरलेला दाखवण्यात आला. घुसखोरी शून्यावर आली आणि इन्नोकेंती पाव्लोविच यांना पदक मिळालं.

ऑक्टोबरात सेवास्त्यानच्या छातीत पुन्हा कळ आली. आग्राफेना पट्ट्यावरच्या गुडघाभर गवतात नाचली. दम लागेपर्यंत नाचली, शिव्या देत नाचली. गाडी आली नाही. ती घरी परतली तेव्हा म्हातारा गेला होता. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्याला आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून, त्या लाल रेघेवरूनच खांद्यावर नेलं.

तुम्ही मघाशी हसलात, हरकत नाही. फक्त तुमच्या दारातला रस्ता नकाशात आहे का, तेवढं बघून ठेवा. असेल, तर तुमचंही कठीण आहे.