किल्लेदाराच्या तोंडचे कवन

श्रीवाग्देवता साक्ष. जे डोळां पाहिले ते पाहिले म्हणोन, जे कानी आले ते ऐकीव म्हणोन लिहिले आहे. शके सोळाशे पस्तीस, विजयनाम संवत्सरी, माघमासी श्रीमंत महाराजांनी नैर्ऋत्येचा गड घेतला आणि किल्लेदार रायाजी यांस तीनशे माणसांनिशी कैद करोन राजधानीस आणिले, मग विजयाचा दरबार भरविला आणि शाहीर येमाजी यांस पोवाडा म्हणावयाची आज्ञा जाहली. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, कवन म्हणोन जाहले म्हणजे कवीने बेलभंडार उचलोन "यातील शब्द न् शब्द माझा" ऐशी शपथ घ्यावी, मगच कवन दफ्तरी चढावे. न घेईल त्याचा डफ काढोन घ्यावा आणि जन्मभर दरबारी उभे करू नये. आजवर कवनांत एक कवीच बोलत आला, त्यामुळे अडचण पडली नाही. येमाजी मात्र आपण बाजूस राहिले आणि किल्लेदारास बोलते करोन, डफावर थाप देऊन म्हणाले:

दार मीच उघडिले राजा, तुझ्या तोफेने नाही;
तान्ही पोरे पाणी मागती, टाक्यात थेंब नाही.
वाकलो तो तुजला नव्हे, कडी खालती होती;
जिंकिलेस ते दगड सारे, माणसे माझी होती.

मग दफ्तरदार गंगोपंत बेलभंडार घेऊन पुढे आले आणि पुसते जाहले, "शाहीर, यात 'मी' म्हणतो तो कोण?"

"किल्लेदार."

"तोंड कोणाचे?"

"माझे."

"किल्लेदार हे कधी बोलिले?"

"बोलिले नाहीत, पंत. म्हणोनच लिहावे लागले."

पंत म्हणाले, "मग नीट ऐका. शपथ घ्याल तर महाराजांस दगडांचे धनी म्हणणारे तुम्हीच ठरलात, राजद्रोहास कडेलोट आहे. न घ्याल तर डफ इकडे द्या."

येमाजींनी डफ छातीशी धरिला आणि म्हणाले, "दुसऱ्याचा शब्द माझा म्हणोन कसा उचलू? ज्याचा त्यास विचारा."

"म्हणजे कवनातली माणसे आता शपथेस बोलवावी? उद्या तुम्ही हत्तीचे कवन कराल."

तेव्हा महाराज हसले आणि बोलिले, "पंत, हत्तीचे हत्ती येईल तेव्हा पाहू. रायाजींस आणा."

मग रायाजींस बेडीसह आणिले आणि कवन ऐकविले, आणि ते म्हणाले, "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटले. मग बोलिले, "त्या दिवशी मी 'किल्ली घ्या' एवढेच म्हणालो. बाकीचे घशात राहिले, ते या गृहस्थांस कसे कळले, देव जाणे. पण एक चूक आहे. त्या दारास कडी नव्हतीच. अडसर होता, गुडघ्याएवढा खाली. तेवढे दुरुस्त करा, मग शपथ मी घेतो."

येमाजी म्हणाले, "सरदार, यमक मोडते."

"इकडे माझा गड मोडला, शाहीर, आणि तुम्ही यमकाचे सांगता?"

दरबारात हशा पिकला. येमाजींनी क्षणभर डोळे मिटिले, आणि उघडोन म्हणाले:

वाकलो तो तुजला नव्हे, अडसर खाली होता;
दगड सारा जिंकिलास तू, माणूस माझा होता.

"हे माझे," म्हणोन रायाजींनी बेडीच्या हातांनी बेलभंडार उचलिला. मग सर्वांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी बराच विचार करोन निवाडा दिला की, "राजद्रोह ज्याने मीठ खाल्ले त्यास लागतो. किल्लेदारांनी आपले खाल्ले नाही. शब्द त्यांचा, शपथ त्यांची. शाहिरांवर काही शाबीत होत नाही."

तेव्हा महाराज गादीवरून उठले आणि पुसते जाहले, "शाहीर, किल्लेदार इतके बोलिले, त्यावर आमचे उत्तर कोठे आहे?"

"ते मी कसे लिहू? महाराज समोर आहेत."

महाराज रायाजींकडे वळोन बोलिले, "माणूस तुमचा आहे, तर घेऊन जा. सगळे तीनशे." आणि पंतांस म्हणाले, "हे असेच कवनात चढवा. यमक जुळत नाही, न जुळो." आणि स्वहस्ते बेलभंडार उचलिला, आणि बेडी तोडावयास लोहार आला, आणि येमाजींनी डफावर ऐशी थाप दिली की नगारखान्यातले लोक आपणहोन नगारे पिटू लागले, ते सांजवेळेपर्यंत थांबले नाहीत.

तात्पर्य, कवन एक, बोलणारे दोन, शपथा दोन, आणि शाहिराची त्यात एकही नाही. दफ्तरी तैसेच चढले आहे.