'येऊ द्या' साहेबांची उडी

जगातली निम्मी कामं करणाऱ्याच्या हातून होतात आणि उरलेली निम्मी बघणाऱ्याच्या खांद्यातून. या दुसऱ्या कामांची दखल कुठलंही खातं घेत नाही, हा एका मोठ्या कष्टकरी वर्गावर अन्याय आहे. स्कूटरवर मागे बसलेला नवरा पायाने ब्रेक दाबत असतो. (स्कूटर बायको चालवत असेल तर दोन्ही पायांनी.) लिफ्ट वर जाताना आतला माणूस आकड्यांकडे बघत तिला नजरेने ओढत असतो. हे लोक थांबले तर जग जागच्या जागी बसेल, असा आमचा अभ्यास आहे. तो आम्ही खुर्चीत बसून केला.

एका गोदामात एक पर्यवेक्षक होते, त्यांना ही विद्या उपजत होती. ट्रक आला की ते माल उतरवायच्या ओट्याच्या कडेला उभे राहत, उजवा हात छातीसमोर हलवत आणि म्हणत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास." त्यांनी बास म्हटलं की ट्रक थांबे. ट्रक थांबला की ते बास म्हणत, असंही काही जण सांगत, पण ते मत्सरापोटी. लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे 'येऊ द्या साहेब'. दोन्ही त्यांना आवडायचं.

अशात सगळ्या ट्रकांना मागच्या बाजूला कॅमेरे बसले आणि नव्या मॅनेजरने परिपत्रक काढलं. 'ट्रक मागे घेताना मानवी आवाजाची आवश्यकता आहे किंवा कसे, हे तपासण्यासाठी गुरुवारी चाचणी घेण्यात येईल. संबंधित पर्यवेक्षकांनी हात पाठीशी बांधून व मौन पाळून ओट्यावर हजर राहावे. ट्रक बरोबर लागल्यास पद रद्द समजून त्यांनी रिकाम्या खोक्यांच्या खोलीत रुजू व्हावे.' रिकाम्या खोक्यांना 'येऊ द्या' म्हणता येत नाही. 

घरी त्यांनी परिपत्रक खिशातच ठेवलं. मन रमवायला म्हणून त्यांनी मुलीचा जुना, हातात धरायचा व्हिडिओ गेम कपाटातून काढला. मुलगी आता नोकरीला होती आणि तिला रमायला वेळ नव्हता. गेममध्ये टोपीवाला एक बुटका डावीकडून उजवीकडे पळतो. वाटेत काटेरी बेडूक, सरकत्या फळ्या, खड्डे, आणि काहीही संबंध नसताना आडवी येणारी वटवाघळं. मागे जायची सोय नाही. डावीकडचा रस्ता एकदा पडद्याबाहेर गेला की गेला. ज्या माणसाने सगळी हयात गाड्या मागे घेण्यात घालवली, त्याच्या हाती हा खेळ यावा, याला दैवच म्हणायचं.

पण साहेब खचणाऱ्यातले नव्हते. छोटी उडी ते भुवया उंचावून मारत, मधली खांदा उचलून, आणि मोठीसाठी खुर्चीतून अर्धे उठत. तिसऱ्या लेव्हलला एक रुंद खड्डा होता. बुटक्याच्या एकूण मृत्यूंपैकी नव्वद टक्के त्याच खड्ड्यात झाले. (आठ टक्के बेडकांमुळे, आणि दोन टक्के बायकोने "अहो, दूध बघा" म्हटल्यामुळे.) साहेबांनी आधी बटणाला दोष दिला, मग चष्म्याला, मग बुटक्याच्या संगोपनाला.

शेवटी मुलगी शेजारी येऊन बसली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"बाबा, तुम्ही उडताय."

"मी कशाला? तो उडतोय."

"तो पडतोय. लांब उडीला बटण दाबून धरावं लागतं. तुम्ही खुर्चीतून उठता आणि तुमचा अंगठा सुटतो. तुम्ही मदतीला धावता ना, तिथेच त्याचा जीव जातो. एकदा न हलता खेळून बघा."

साहेब पुतळ्यासारखे बसले. अंगठा दाबून धरला, श्वासही धरला. बुटका अलगद खड्ड्यापलीकडे उतरला.

"झाला की पार," मुलगी म्हणाली.

"झाला खरा. पण त्यात मी कुठे होतो?"

मुलगी हसली, मग त्यांचा चेहरा बघून थांबली. तेव्हा साहेबांनी तिला गुरुवारचं सांगितलं.

"मग ट्रक चुकीचा लागावा असं वाटतंय का तुम्हाला?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. क्षणभर वाटलंही. "नाही गं," ते म्हणाले, "ओट्यावर हमाल उभे असतात." आणि मग त्यांना फार वाईट वाटलं, कारण आता काही आशाच उरली नव्हती.

गुरुवारी ओट्यावर पाच अधिकाऱ्यांची समिती जमली. साहेब एका बाजूला हात पाठीशी बांधून उभे राहिले. ट्रक मागे येऊ लागला. साहेबांचा खांदा वर जाऊ पाहत होता, पण त्यांनी गेममधला खड्डा आठवला आणि खांदा खाली दाबून धरला. ट्रक आणखी मागे आला. मॅनेजरचा हात खिशातून बाहेर आला आणि छातीसमोर हलू लागला. हिशेबनिसाची मान डावीकडे कलली. सुरक्षा अधिकारी टाचा उंचावून कंबरेतून वाकले. ट्रक ओट्यापासून वीतभर राहिला तेव्हा समितीने एकमुखाने म्हटलं, "बास."

ट्रक थांबला. अगदी बरोबर लागला होता. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"कॅमेऱ्यात बघूनच थांबलात ना?" मॅनेजरने ड्रायव्हरला विचारलं.

"कॅमेऱ्यात तुम्हीच पाच जण हात हलवताना दिसत होतात, साहेब. ओटा कुठला दिसतोय? तुम्ही बास म्हणालात, मी थांबलो."

अहवाल त्याच संध्याकाळी आला. 'एका पर्यवेक्षकाच्या मौनामुळे पाच अधिकाऱ्यांचे श्रम खर्ची पडले. सबब, पर्यवेक्षक ठेवणे किफायतशीर आहे. कॅमेऱ्यावर देखरेखीसाठी आणखी एक नेमावा.' त्या दिवशी ओट्यावर काहीही न केलेला माणूस एकच होता आणि नोकरी त्याची पक्की झाली. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या हातवाऱ्यांचा अहवालात उल्लेख नव्हता.

हे वाचून तुम्ही हसलात, 'असतात बाबा अशी माणसं' म्हणून मानही डोलावलीत. छान केलंत. आता पुस्तक मिटणार असाल तर एकदा स्वयंपाकघराकडे बघा. तिथे कोणीतरी मघापासून कांदा चिरतंय, आणि तुम्ही जागेवरूनच दोनदा "सावकाश, बोट कापेल" असं बजावलंय. तिचं बोट आजवर शाबूत आहे ते केवळ त्यामुळेच, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.