खोटा घास

गुंजाळ सर पंगतीला बसले की वाढपी एकमेकांना पुढे ढकलत. पानात जिलबी पडताच ती चिमटीत उचलून ते अख्ख्या मांडवाला विचारत, "ही कुणाच्या पोटात जाणार? तुमच्या, का तुमच्यातल्या एखाद्या बदमाश पेशीच्या?" साखर कारखान्याच्या धुराड्याखाली राहून साखरेशी वैर धरणारा संगमनेरातला हा एकमेव इसम!

आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी इतिहास. पण किल्ले माझे चोरत. "कॅन्सरची गाठ म्हंजे किल्ला! आतल्या पेशी लई आधाशी. रसद तोडा! न्हाईतर खोटा घास पाठवा. दिसायला अन्नच, पेशी हावऱ्यागत गिळती आन् तिथंच तिचा कारभार ठप्प. अशी औषधं निघाल्यात, लेको!" हे ऐकायला पोरं माझ्या पानिपतातून पळून त्यांच्या खिडकीला वाघळांसारखी लटकत. माझ्याकडे उरत ते घोरणारे. जळून माझा पार कोळसा झाला होता.

त्यात आमची ही! बहात्तरचा दुष्काळ, मला बिनसाखरेचा चहा, आणि गुंजाळांकडे रोज संध्याकाळी तुपातल्या शिऱ्याचा डबा.

"अगं, तो साखरेचा वैरी!"

"तुम्हाला नाही कळायचं."

एकदा डबा मीच उचलला. म्हटलं, वैऱ्याला शिरा खाताना रंगेहाथ धरतो.

आत खाटेवर गुंजाळवहिनी. डोक्याला रुमाल, हातांच्या काड्या. ते खोट्या घासाचं औषध पुण्याहून त्यांच्यासाठीच येत होतं. आमच्या हिला ठाऊक होतं; मी आपला जळत बसलो होतो.

सरांनी वाटीत शिरा काढला. वहिनी म्हणाल्या, "आदी तुमी."

सरांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटून चघळला. "वा! लई गोड." मी शेजारीच होतो. चमचा रिकामा होता.

मग वहिनींनी सरांच्या हातून चिमणीएवढा घास घेतला.

सर माझ्या कानाशी पुटपुटले, "माझ्या घशाखाली उतरत न्हाई हो. पन मी खाल्ल्याबिगर ती खात न्हाई."

"भावजींनाबी द्या की," वहिनी म्हणाल्या.

ज्या शिऱ्यासाठी महिनोन् महिने जिभेला पाणी सुटत होतं, तो समोर वाफाळत होता. मी रिकामा चमचा तोंडात घातला आणि जन्मभर थापा मारून तयार झालेल्या तोंडानं म्हणालो, "झकास!"

वहिनी हसल्या. "दोघांच्याबी ओठाला तूप न्हाई," म्हणाल्या, आणि पुढचा घास त्यांनी आपल्या हातानं घेतला.