ओलांडून जावे

रहस्यकथाकाराचा एक नियम होता. मढं जिथे सापडणार तिथे स्वतः पडून बघितल्याशिवाय खून लिहायचा नाही. मरणाऱ्याला शेवटचं काय दिसलं हे कळलं की खुनी आपोआप सापडतो, असं त्याचं म्हणणं. आजवर तो न्हाणीघरात मेला होता, कपाटात मेला होता, आणि पाहुणे जेवत असताना टेबलाखालीही मेला होता. नव्या कादंबरीतलं मढं दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये सापडणार होतं. म्हणून बायको बहिणीकडे गेल्यावर, सगळी इमारत पेंगत असताना, तो पॅसेजमध्ये उताणा झाला.

फरशी गार होती. जिन्याच्या खिडकीतलं ऊन भिंतीवर अंग टाकून पडलं होतं आणि त्यात धुळीचे कण कसलीही घाई नसल्यासारखे तरंगत होते. कुणाच्या तरी घरात नळ ठिबकत होता. मेल्यावरही हा नळ ऐकू येत असेल का, असा विचार करता करता त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा खुनी सापडला होता! आनंदाच्या भरात तो ताडकन उठायला गेला आणि पाठीत अशी उसण भरली, की होता तिथेच परत आडवा झाला. आता तोंड तेवढं चालत होतं.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका काठी टेकत खाली आल्या.

"बाई, मला उठता येत नाहीये हो," तो कण्हला.

"छान. पण कण्हणं जरा कमी करा. मेलेली माणसं इतकं बोलत नाहीत."

"अहो, खरंच उसण भरलीय!"

"उसणीने कोणी मरतं का? वाचक हसतील. विषच बरं," असं म्हणून बाई साडी सावरत त्याला ओलांडून गेल्या.

दोष बाईंचा नव्हता. मागे एकदा तो असाच पडल्या पडल्या 'वाचवा' म्हणत होता, तेव्हा समोरच्या विमा एजंटने रुग्णवाहिका बोलावली होती. तंद्री मोडली म्हणून लेखक इतका भडकला, की त्याने घरोघर जाऊन बजावलं, मी काहीही बोललो तरी लक्ष देऊ नका. वर दारावर पाटीही लावली: 'लेखन चालू आहे. ओलांडून जावे.' आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

थोड्या वेळाने तो एजंटच आला.

"काका, आज एकदम फर्स्टक्लास! अगं, लवकर ये बाहेर, काका रडतायत! खरे अश्रू!"

त्याची बायको हात पुसत बाहेर आली आणि कौतुकाने बघत राहिली.

"डॉक्टरांना फोन करा," लेखक म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"मढ्याचा विमा होता का, काका?"

"नव्हता!"

"मग खून कशाला होईल? कारणच नाही," एजंट म्हणाला. "आणि फोन एकदा केला होता मी. किती बोललात, आठवतंय ना?"

नवराबायको हळूच त्याला ओलांडून गेले. चाहूल लागू नये म्हणून दोघांनी चपला हातात घेतल्या होत्या.

ऊन छताकडे सरकलं. खालून बघताना माणसं वेगळीच दिसतात, हे लेखकाला आजच कळत होतं. मुख्याध्यापिकाबाईंना त्याने तीन कादंबऱ्यांत विष कालवायला लावलं होतं, पण त्यांच्या चपलेचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला आहे हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. मग भीती वाटली. बायको येईल, पण तीही इतकी वर्षं भाजीच्या पिशव्या सांभाळत त्याला मुकाट्याने ओलांडतच आली होती. आज तिनेही ओलांडलं तर? जन्मभर खून रचले, पण आपण कधी मरतो आणि कधी सोंग करतो हे ओळखणारं एक माणूस काही जोडलं नाही.

जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. ओरडायचं त्राण नव्हतं, आणि ओरडून उपयोग तरी काय? तो डोळे मिटून गप्प राहिला. बायकोने पिशवी उचलून धरली, एक पाय पलीकडे टाकला आणि थबकली.

"अहो! काय झालं तुम्हाला?"

लेखकाला भरून आलं. "तुला कसं कळलं?"

"पोट," ती खाली बसत म्हणाली. "मेल्याचं सोंग करताना तुम्ही पोट आत ओढून धरता. आज सुटलंय."

"हे तुला माहीत होतं? मग कधी बोलली नाहीस ती?"

"म्हटलं, मरताना तरी माणसाला बारीक दिसू द्यावं."

तो इतका हसला, की उसणीने पुन्हा कळ मारली. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि फोन करायला, उशी आणायला आत गेली. गार फरशीवर पडल्या पडल्या त्याला वाटलं, आता खरंच मेलो तरी हरकत नाही.

तळमजल्यावरचे डॉक्टर लगबगीने वर आले. परक्या माणसाची पावलं ऐकताच लेखकाने, कळ सोसून का होईना, पोट आत ओढलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, बॅग छातीशी धरली, त्याला ओलांडलं आणि बेल वाजवली.

"वहिनी, पेशंट कुठंय?"

बायको उशी घेऊन दारात आली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अहो, पोट सोडा आधी!"

लेखकाने पोट सोडलं.

"अरे बापरे!" म्हणत डॉक्टर मटकन खाली बसले आणि त्याची नाडी शोधू लागले.