अकरा नंबरचं मशीन

मलकापुरात नव्या माणसाला लोक आधी गाव विचारतात, मग आडनाव. आमचे शेजारी वामनभाऊ मशीन विचारतात. कॉलेजातल्या नोकरीसाठी मी इथे राहायला आलो, तेव्हा सामान अजून टेम्पोतच होतं. भाऊ फाटकाशी येऊन म्हणाले, "सर, कॉम्प्युटर कोणता हाये तुमच्याकडे? विंडोज का लिनक्स?" मी विंडोज म्हणालो. त्यांनी खिशातून वही काढून माझं नाव लिहून घेतलं. चहा नंतर आला.

तेव्हापासून मी त्यांचा सात नंबरचा टेस्टर आहे. मला कोणी विचारलं नव्हतं.

भाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. भाऊंनी लायब्ररी धरली. पुस्तकांची नव्हे. कॉम्प्युटरवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा तो प्रोग्रामांचा संच आहे. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, जमलं तर दुरुस्तही करावा. तो लिहिणारे कोणी केरळात, कोणी जर्मनीत. भाऊंना त्यातली एक ओळ लिहिता येत नाही. पण नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तऱ्हेतऱ्हेच्या मशीनांवर चालते का, हे पाहायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, आणि आता त्यांच्या होकाराशिवाय तिथलं पान हलत नाही.

वरवट बकालच्या शाळेतलं लिनक्स, इथल्या फोटो स्टुडिओतला मॅक, अशी एकूण अकरा मशीनं. 'चाललं' असा मेसेज पाठवून सुटका होत नाही. भाऊ फोन करतात आणि म्हणतात, "फोन मशीनजवळ न्या. त्याले बोलू द्या." मग मशीन बोलतं आणि भाऊ डोळे मिटून ऐकतात, जन्मभर खांबावर चढून लाइन ऐकली तसंच. एकदा मी वर्गात आहे म्हणालो तर म्हणाले, "पोरं कुठं पळून नाई जात. मशीन काय म्हणते ते सांगा."

आणि 'माझ्याकडे तर मस्त चालतं' असं कोणी म्हटलं, की ठरलेलं उत्तर यायचं. "तुमच्याकडे चालते, त्याचं मले काय सांगता? इवायाकडे चालते का?" इवाई म्हणजे व्याही. माहेरी सगळं खपतं, खरी परीक्षा सासरी, असा त्याचा अर्थ मी लावला होता. मला ते इतकं आवडलं, की मी स्टाफरूममध्येही वापरू लागलो.

गेल्या आवृत्तीच्या वेळी दहा मशीनं पास झाली आणि रोहिणखेडचं अकरा नंबरचं मुकं झालं. जर्मनीहून निरोप आला, की इतकं जुनं विंडोज आता कोणी वापरत नाही, यापुढे ते सोडून देऊ. भाऊंनी मला उत्तर लिहायला बसवलं.

"लिहा सर, रोहिणखेडले वापरतात."

"एवढंच?"

"मंग काय, वंशावळ लिहाले सांगू?"

तीन आठवडे सगळं अडून राहिलं. टेस्टर वैतागले, सगळ्यांत जास्त मी. एका डबड्यापायी ही काय आडमुठेपणाची हद्द! शेवटी केरळातल्या पोरीनं दुरुस्ती करून पाठवली, दया येऊन की कंटाळून, कोण जाणे. ती तपासायला मी भाऊंना मोटरसायकलवर रोहिणखेडला घेऊन निघालो. बॅगेत माझा रिकामा पडलेला लॅपटॉप घेतला होता. रोगच मुळापासून काढायचा बेत होता.

वाटेत भाऊ मागून, वाऱ्यावर ओरडत बोलले. अकरा नंबर त्यांच्या इवायाचं, दिनकररावांचं. आता इवाई तरी कसं म्हणावं? दिनकररावांची दृष्टी गेली, तेव्हा सून म्हणून त्या घरात असलेल्या भाऊंच्या मुलीनं ते मशीन बसवून सासऱ्याला पेपर ऐकायला शिकवलं. पुढे फारकत झाली. मुलगी पुण्याला गेली. मशीन तिथेच राहिलं.

पावलं ऐकताच खाटेवरून आवाज आला, "आले का टेस्टिंगवाले?"

भाऊंनी दुरुस्ती चढवली. मशीन अंमळ थांबलं आणि पेपर वाचायला लागलं. दिनकररावांनी मान डोलावली. काम दहा मिनिटांत झालं, पण भाऊ दोन तास उठले नाहीत. तूर झाली, गुडघे झाले, चहा दोनदा झाला. मध्येच दिनकररावांनी हळूच विचारलं, "पोरगी बरी हाये ना?"

"हाव. बरी हाये."

मी संधी साधली. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणालो, "काका, हा राहू द्या तुम्हाला. नवा आहे. भाऊंना सारखी खेप घालायला नको."

भाऊ एकदम कपबशी पाहायला लागले. दिनकररावांनी झाकणावरून हात फिरवला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"चांगला हाये, सर. पण हे नवं बिनतक्रार चालीन, तं मंग भाऊ काऊन येतीन इथं? आता दुसरं नातं कोणतं राह्यलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लॅपटॉप मी बॅगेत टाकला.

निघताना भाऊंनी वही काढली. दहा नंबरांपुढे नुसतं 'पास' लिहिलेलं होतं. अकराव्यापुढे त्यांनी लिहिलं, 'पास. तरी पुढच्या वेळी जाऊन पाहणे.'